हिमायतनगरची रात्र

आम्हां इंदूरकरांना रात्रीचे खाणे सराफ्याने शिकविले. म्हणून हैदराबादेस गेलो की संध्याकाळी पाय हिमायतनगरकडे वळतात. इराण्याचा दाट ‘पौना’ नि गोडसर-खारट उस्मानिया बिस्किट यांना माझा मुजरा! परंतु परवा तेथल्या एका उपाहारगृहात, दरबार-गवई असलेल्या माझ्या वडिलांचे वृद्ध शिष्य मला त्यांची एक बंदिश सांगू लागले. ध्वनिवर्धकाच्या गदारोळात अस्ताईसुद्धा कानी पडली नाही. आवाज कमी करा म्हटले, तर वाढपी नुसता हसला. शेजारच्याच बशीरबागेत १९६८ साली बडे गुलाम अली खाँसाहेबांनी देह ठेवला. त्या परिसरात ही कथा! मालकांनो, बिर्याणी दमावर ठेवता, तसा पाहुण्याच्या कानालाही जरा दम खाऊ द्या. पोट भरले नि कान विटले, ती कसली रात्र?