जाब उपग्रहाला कशाला?

फोनवरच्या नकाशा-अ‍ॅपमध्ये ‘उपग्रहच दिशाभूल करतात’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनचा ठिपका खऱ्या जागेपासून साधारण पाच मीटरच्या आत येतो. तो कोणत्या रस्त्यावर बसवायचा, हे नकाशाचे गणित ठरवते. न्यूसन आणि क्रम या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत ठिपका नुसता जवळच्या रस्त्याला चिकटवत नाही. आधीच्या ठिकाणाहून तिथे गाडीने पोचणे कितपत संभवते, हेही तोलते. पण मुंबईचा जे. जे. उड्डाणपूल आणि खालचा मोहम्मद अली रोड नकाशात एकावर एक पडतात, आणि उपग्रहावरून मिळणारा उंचीचा अंदाज तर आणखीच कच्चा; त्यामुळे गाडी वर आहे की खाली, हे ठिपक्यावरून कळत नाही. पण त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे. म्हणजे अ‍ॅपमध्ये ‘दुचाकी’ निवडली असेल, तर पूल गणितातून सरळ वगळता येतो. वगळला नाही, तर जाब अ‍ॅपवाल्यांना विचारा.

— एक वाचक, भायखळा