माल जागेवर, तरी चोरी!

चेन्नईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षे काढलेली मुलगी जास्त पगाराची दुसरी नोकरी धरते. जुन्या कचेरीतला शेवटचा दिवस. टेबलावरचा घरच्यांचा फोटो, पाण्याची बाटली, गणपतीची छोटी मूर्ती पिशवीत जाते. प्रश्न उरतो पेनड्राइव्हचा. त्यात तिनेच रात्री जागून लिहिलेला प्रोग्राम आहे. फोनवर आई म्हणते, 'अगं, तूच लिहिलास ना? मग तुझाच की!'

आईचे इथेच चुकते. शिंप्याच्या दुकानातला कारागीर शिवलेला सदरा घरी नेत नाही. हातातले कसब तेवढे नेतो. कॉपीराइट कायद्याचे 17 वे कलम हेच सांगते. नोकरीचा भाग म्हणून जे लिहिले, त्याची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची. गंमत म्हणजे हा कायदा प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. कथा-कादंबरीच्याच पंगतीला त्याचे पान!

कसब कुठे संपते आणि कंपनीची ठेव कुठे सुरू होते, यावरून चेन्नईत वाढलेल्या दोन नामांकित कंपन्याही कोर्टात गेल्या होत्या. झोहो ही जुनी, 1996 मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेली. तिथे अनेक वर्षे काम केलेल्या गिरीश मातृभूतम यांनी 2010 मध्ये स्वतःची कंपनी काढली. तीच आजची फ्रेशवर्क्स. मार्च 2020 मध्ये झोहोने कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा लावला. आरोप असा की, आपल्या संभाव्य ग्राहकांची गोपनीय माहिती फ्रेशवर्क्सने वापरली. 2021 मध्ये तडजोड झाली आणि दाव्यावर पडदा पडला. भांडण जुन्या माणसाने नवे दुकान थाटल्याचे नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. तो हक्क कुणालाही आहे. प्रश्न जुन्या दुकानाच्या वहीचा होता.

पण वही उचलली तर ती जागेवरून नाहीशी होते आणि बोभाटा होतो. सॉफ्टवेअरची नक्कल झाली तरी मूळ प्रत जिथल्या तिथेच! म्हणूनच एरवी दुसऱ्याचा रुपया न घेणारी मंडळीही शेजाऱ्याकडची सीडी सहज 'मारून' आणत. चेन्नईचा बर्मा बाजार अशा नकली सीडींसाठी बदनाम होता. आपल्याकडेही काही कमी नव्हते म्हणा. 10 मे 1995 पासून सुधारित कायदा लागू झाला आणि प्रत नकली आहे हे ठाऊक असताना ती संगणकावर वापरणे हादेखील गुन्हा ठरला. शिक्षा किमान सात दिवस, कमाल तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. विकत घेतलेली प्रत बिघडली तर हाताशी असावी म्हणून एक जादा प्रत काढून ठेवायला मात्र मुभा आहे.

चोरी दिसत नाही, तसा कच्चेपणाही दिसत नाही. साडीचा विरलेला धागा गिऱ्हाईक उजेडात धरून पाहू शकते. प्रोग्राममधली फट कोण पाहणार? मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरचे संगणक अडवून खंडणी मागितली, तेव्हा चेन्नईजवळच्या ओरगडम येथील रेनो-निसानच्या मोटार कारखान्यालाही झळ बसली. विलायतेत रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विषाणू शिरला तो विंडोजमधल्या एका जुन्या फटीतून. मायक्रोसॉफ्टने ती बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती; अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

आता त्याच मुलीची नवी नोकरी. माल उद्या ग्राहकाकडे जायचा आणि तपासणीत तिला एक दोष सापडतो. साहेब म्हणतात, 'राहू दे, पुढच्या आवृत्तीत बघू.' इथे कायद्याचे कलम सहसा मदतीला येत नाही. संगणक अभियंत्यांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी 1999 मध्ये व्यवसायाची आचारसंहिता केली. तीत मालकाचे हित सांभाळा म्हटले आहे, पण ते लोकहिताशी सुसंगत असेल तरच. साहेबांना हे तोंडावर ऐकवणे नव्या मुलीला कठीण. दोष काय, तो कुणाला भोवेल, हे दोन ओळींत लिहून साहेबांना पाठवणे तेवढे कठीण नाही. तोंडी सांगितलेले साहेब विसरतात. लिहिलेले विसरता येत नाही.

आणि पेनड्राइव्ह? तो रिकामा करूनच बाहेर पडावे. सुट्टीत, घरच्या संगणकावर काही स्वतःचे लिहायचे असेल, तर आधी नेमणूकपत्र काढून वाचावे. पगाराचा आकडा पहिल्या पानावर असतो, म्हणून पुढची पाने कुणी उलटत नाही. मालकीची अट नेमकी तिथेच असते.