भोंगा थांबल्यानंतर

कोल्हापुरात कोटीतीर्थाच्या बाजूने जाताना शाहू मिलची चिमणी दिसली की आजही पाऊल मंदावतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली या गिरणीचा पाया घातला. संस्थानातल्या माणसाला गावातच काम मिळावं, ही त्यामागची तळमळ. पुढे कित्येक वर्षं या भागातल्या चुली गिरणीच्या भोंग्यावर पेटल्या. पाळी कोणती, त्यावर घरातली झोप ठरायची. २००३ साली गिरणी बंद पडली.

शेजारचं उद्यमनगर मात्र अजून खडखडतंय. शेतकऱ्याच्या विहिरीवर चालणारी ऑइल इंजिनं इथल्या मेस्त्रींनी बनवली. शाळा फारशी न शिकलेली ही माणसं बिघडलेलं इंजिन खोलून, भाग हातात धरून, तसाच दुसरा घडवायची. परवा एका शेडमध्ये लेथवर एक आजोबा काम करताना पाहिले. लोखंडाचा निळसर कीस वेटोळं घेत पायाशी पडत होता, आणि नुसत्या आवाजावरून त्यांनी मशीन थांबवलं. माप बरोबर निघालं! मोठे कारखाने शिरोली, गोकुळ शिरगावला गेले. हा कान मात्र इथेच तयार झाला.

गिरणीच्या आवारात शाहू महाराजांचं स्मारक व्हावं, ही मागणी जुनी आहे. ते व्हायलाच हवं, पण त्यात साच्यावर उभ्या राहिलेल्या कामगारालाही जागा हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून हा अंक गिरणगल्ल्यांना आणि मेस्त्रींना दिला आहे. तुमच्या घरी आजोबांचं हजेरीकार्ड, एखादा जुना फोटो असेल तर जरूर कळवा, आम्ही येऊन पाहू.