पदवी अभ्यासक्रमांत पर्यावरणाधारित अध्यापनाला स्थान देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात १९९१ साली दिलेल्या निर्देशांमुळे आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने आखलेल्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमामुळे पर्यावरण हा विषय पदवीच्या सर्व शाखांना अनिवार्य झाला. परंतु त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखलेले असूनही अनेक ठिकाणी ते उतरवून काढलेल्या प्रकल्पवह्यांवरच दिले गेले, हे शिक्षणक्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे.

अध्ययन निष्पत्ती, म्हणजे अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे याचे आधीच ठरवलेले वर्णन, ही प्रत्येक विषयाची स्वतंत्र असते, आणि ती गाठण्याचे साधन म्हणून पर्यावरणाचा वापर होऊ शकतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनुमापन यावे, ही अपेक्षा आजही आहेच. तेच अनुमापन विंक्लर पद्धतीने नदीच्या पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजण्यासाठी केले, तर नमुना कोठून व केव्हा घ्यावा, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत प्राणवायूचे प्रमाण बदलू नये म्हणून काठावरच त्यात रसायने का मिसळावीत, आणि आलेला आकडा स्नानयोग्य पाण्यासाठीच्या लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम या निकषाशी कसा ताडून पाहावा, हे सारे त्याच तासिकांत शिकता येते. बाटलीतल्या तयार द्रावणावर यातले फारसे काही शिकता येत नाही. वाणिज्य शाखेला सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेले शाश्वतता अहवाल, म्हणजे कंपनीच्या पर्यावरणीय व सामाजिक वर्तनाचा वार्षिक हिशेब, आणि इतिहासाला धरणाविरुद्धचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह अशीच सामग्री पुरवतात.

म्हणून शासनाने विद्यापीठांना असे निर्देश द्यावेत, की प्रत्येक मुख्य विषयातील किमान एक प्रात्यक्षिक वा प्रकल्प परिसरातील पर्यावरणीय प्रश्नावर आधारित असावा आणि त्याचे तास त्याच विषयाच्या श्रेयांकात धरावेत. यासाठी नवी प्रश्नपत्रिका मात्र वाढवू नये, कारण वाढलेल्या प्रश्नपत्रिकेसाठी पुन्हा मार्गदर्शिकाच छापल्या जातील. मूल्यमापन क्षेत्रनोंदींच्या मूळ वहीवर व तोंडी परीक्षेवर व्हावे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची नदीनिहाय मोजमापे महाविद्यालयांना वापरता येतील अशा तक्त्यांत मिळावीत, आणि ग्रामीण महाविद्यालयांना रसायने, प्रवास व विद्यार्थ्यांचा विमा यांसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, कारण या खर्चाचा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर टाकल्यास ही योजना मोठ्या शहरांपुरतीच राहील.

निवेदनकर्ते,
राज्यातील महाविद्यालयीन प्राध्यापक