विश्लेषण : ‘पेमेंट झालं का?’ या प्रश्नानेच यूपीआय ठप्प कसं झालं?

12 एप्रिल 2025, शनिवार. देशभर क्यूआर कोड स्कॅन होत होते, पण अनेकांचे पैसे पुढे सरकत नव्हते. असं का झालं?

यूपीआयचा एक व्यवहार म्हणजे ॲप, देणाऱ्याची बँक, एनपीसीआय आणि घेणाऱ्याची बँक अशी साखळी. एक कडी मंदावली की बाकीच्या ‘व्यवहाराचं काय झालं?’ असं विचारत राहतात. त्या दिवशी काही बँकांनी जुन्या व्यवहारांबद्दलही अशा चौकशांचा भडिमार केला. लक्ष ठेवण्यासाठीची सोयच यंत्रणेला जड झाली.

उपाय काय केला?

1 ऑगस्ट 2025 पासून एका ॲपवर दिवसाला 50 वेळाच बॅलन्स तपासता येतो. अडकलेल्या व्यवहाराची चौकशी 3 वेळाच, तीही 90 सेकंद थांबून.

एवढं पुरेसं आहे?

गूगलने 2010 मध्ये ‘डॅपर’ या आपल्या देखरेख यंत्रणेची माहिती जाहीर केली. सुरुवातीला ती 1024 पैकी एकाच विनंतीचा माग काढत असे. पण शांत सेवांमधल्या महत्त्वाच्या घटना त्यातून निसटत. म्हणून गर्दी वाढली की प्रमाण कमी, गर्दी ओसरली की जास्त, अशी बदलती पद्धत आणली गेली.

50 ची मर्यादा मात्र पहाटे तीच आणि संध्याकाळच्या गर्दीतही तीच. मर्यादेमुळे भडिमार थांबतो; कडी कुठे मंदावतेय हे वेळेत कळायला देखरेखही गर्दीप्रमाणे बदलावी लागते.

तोवर पेमेंट अडकलं, तर लगेच पुन्हा पुन्हा स्टेटस तपासू नका. दीड मिनिट थांबा.