लाल दिवा आणि पिवळा प्लग

मागच्या अंकात हिवाळी टायरांविषयी लिहिले होते. त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले, म्हणून या वेळीही गाडीतच बसू या. मात्र या वेळची फजिती आमची स्वतःची आहे.

गणेशोत्सवाचे सामान हॉलवरून परत आणण्याची पाळी यंदा आमच्याकडे होती. मखर, समया, सतरंज्या आणि मंडळाची तीन मोठी पातेली. मखराची लांब फळी काही केल्या मावेना. शेवटी चालकाशेजारची सीट मागेपुढे करून फळीचे टोक तिच्याखाली रेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तर समोर लाल दिवा लागला तो विझेचना. चित्रात बसलेला एक माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा. आमची पाच वर्षांची कन्या आनंदाने ओरडली, "बाप्पा गाडीतच राहिला!"

तो बाप्पा नव्हता, एअरबॅगचा दिवा होता. गाडी सुरू करताना हा दिवा काही सेकंद लागून विझतो, म्हणजे यंत्रणेने स्वतःची तपासणी केली आणि सारे ठीक आहे. तो लागूनच राहिला, तर कुठेतरी दोष सापडला आहे. मग अपघातात एखादी एअरबॅग उघडणार नाही, किंवा एकही उघडणार नाही, असे समजून चालावे. गाडी मात्र नेहमीसारखीच पळते, आणि खरा धोका तिथेच आहे. ब्रेक बिघडला तर आपण लगेच थांबतो. इथे काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही.

आमचा ट्यूफ पुढच्याच महिन्यात होता. एअरबॅगचा दिवा जळत असेल तर तो गंभीर दोष धरतात आणि स्टिकर मिळत नाही. महिन्याच्या आत दुरुस्ती करून गाडी पुन्हा दाखवावी लागते. एका परिचिताने सल्ला दिला, "एकजण थोड्या पैशांत दिवा घालवून देतो." म्हणजे काय, तर कधी नुसती नोंद पुसायची, कधी एअरबॅगच्या जागी छोटासा रोधक जोडून यंत्रणेला फसवायचे. दिवा विझतो, ट्यूफही कदाचित होतो, पण त्या सीटवर बसणाऱ्याला कोणी सांगत नाही की त्याच्यासाठी पिशवी उघडणारच नाही. हा सल्ला आम्ही ऐकून सोडून दिला.

पण त्याहून मोठा मूर्खपणा आम्ही स्वतः करणार होतो. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला वाटते की आपल्याला सारे कळते. जुन्या एअरबॅगमध्ये सोडियम अझाइड असे. ते ठिणगीने पेटले की नायट्रोजन वायू सुटतो आणि सुमारे तीन शतांश सेकंदात पिशवी फुगते. म्युनिकच्या वाल्टर लिंडरर यांनी १९५१ साली फुगणाऱ्या पिशवीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण दाबून भरलेल्या हवेने ती वेळेत फुगत नसे. ठिणगी आणि दारू आल्यावर कोडे सुटले, आणि १९८१ पासून मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एअरबॅग मिळू लागली. अझाइड विषारी म्हणून पुढे मागे पडले. हल्ली बहुधा ग्वानिडिन नायट्रेटसारखी संयुगे वापरतात. हे सारे पाठ असल्यामुळे आम्ही शनिवारी सकाळी मल्टिमीटर घेऊन सीटखाली डोके घातले.

बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्य काढले. खिडकीतून आमचे पाय पाहून ते खाली आले.

"अरे, काय शोधतोयस?"

"तार कुठे तुटली ते मोजतो, बाबा."

"आधी बाहेर ये. आमच्या लाल डब्यात असले फुगे नव्हते, पण एक नियम होता. गाडी काल चालत होती आणि आज चालत नाही, तर काल काय हलवलं ते आठवायचं. काय हलवलंस?"

"सीट. आणि खाली फळी घातली होती."

"मग तिथलाच जोड असणार. पण त्या जोडाच्या पलीकडे दारू आहे म्हणतोस ना? तुमच्या लॅबमध्ये अनोळखी बाटली अशीच उघडतोस का?"

आम्ही मुकाट्याने मीटर पेटीत ठेवला. बाबांचे दोन्ही मुद्दे बरोबर होते. मीटर रोध मोजताना स्वतःची थोडी वीज तारेत सोडतो, आणि एअरबॅग पेटायलाही थोडीच वीज पुरते. बॅटरीची तार काढली तरी यंत्रणेत साठलेली वीज काही काळ राहते. म्हणूनच जर्मनीत एअरबॅग आणि पट्टा ताणणारी यंत्रणा स्फोटकांच्या कायद्याखाली येतात. श्प्रेंगश्टॉफगेझेट्सप्रमाणे खास शिक्षण घेतलेला कारागीरच त्यावर काम करतो. आमची पदवी तिथे कामाची नाही.

सोमवारी गॅरेजमध्ये गेलो. कारागिराने संगणक जोडून नोंद वाचली. शेजारच्या सीटमधील बाजूच्या एअरबॅगच्या तारेत रोध प्रमाणापेक्षा जास्त. बाजारातले स्वस्त यंत्र बहुधा इंजिनच्याच नोंदी वाचते, ही नोंद त्याला दिसत नाही. कारागिराने बॅटरी सोडली, कंपनीने सांगितलेला वेळ थांबला आणि मग सीटखालचा पिवळा प्लग काढला. फळीने तारांचा जुडगा ओढला गेला होता, प्लगची खिट्टी मोडली होती आणि आतली एक पिन वाकली होती. त्याने प्लग बदलला, तारा पुन्हा नीट बांधल्या. बॅटरी जोडताना गाडीत कोणालाही बसू दिले नाही. नोंद पुसली, सीट पुढेमागे करून पाहिली, तरी दिवा लागला नाही. बिल शंभर युरोंच्या आत आले. बाबा घरी एवढेच म्हणाले, "जोडच होता ना?"

आता एक गोष्ट रसायनवाला म्हणून सांगतो. दिवा तारा आणि जोड तपासतो. आतली दारू चांगली आहे का, हे त्याला कळत नाही. टाकाटा या जपानी कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून ते बिघडते. मग ते इतक्या झपाट्याने जळते की धातूचे कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येतात. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ साली कंपनीने दिवाळे काढले. त्या गाड्यांत दिवा विझलेलाच होता. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली गाडी जुनी असते. म्हणून चासी नंबर घेऊन त्या कंपनीच्या विक्रेत्याकडे एकदा विचारा. फ्लेन्सबुर्गच्या मोटार कार्यालयाकडेही परत बोलावलेल्या गाड्यांची यादी असते. एअरबॅग बदलून द्यायची असेल, तर ती फुकट बदलतात.

आणि पट्टा! आमची आई मागच्या सीटवर पट्टा लावायला तयार नसे. "मागे कशाला?" ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती. तरी मागे बसलेले दोघेही गेले, आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. एअरबॅग पट्ट्याच्या सोबतीला असते, त्याच्या जागी नव्हे. हे सांगितल्यावर आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पट्टा ओढला.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. दिवा विझला नाही तर आदल्या दिवशी काय हलवले, सांडले किंवा बदलले ते आठवून लिहून ठेवा. कारागिराचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात.

२. गॅरेजमध्ये "फेलरश्पायखर आउसलेझन" एवढे म्हणा, म्हणजे नोंद वाचून देतील. दोष काढल्याशिवाय ती पुसू देऊ नका.

३. पिवळ्या प्लगांना हात लावू नका, आणि सीटखाली सामान कोंबू नका.

४. तान्ह्या बाळाची उलट्या तोंडाची सीट पुढे ठेवायची असेल, तर ती एअरबॅग बंद करणे कायद्याने सक्तीचे आहे. जमल्यास बाळाला मागेच बसवा.

पुढच्या वर्षी मखरासाठी मंडळाने एक दिवस व्हॅन भाड्याने घ्यावी, असा ठराव आम्ही वार्षिक सभेत मांडणार आहोत. अनुमोदक हवेत!