मदतीच्या दारातली पायरी



विदर्भातील आपल्या रेल्वे कामगारांना कोलकाता परके नाही. २००३ साली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे निघेपर्यंत दक्षिण पूर्व रेल्वेच्या नागपूर विभागाचा कारभार तेथील गार्डन रीचच्या मुख्यालयातून चाले. याच शहरात १९७४ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी ही सेवाभावी संस्था काम करीत आहे. ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही, त्यांना चित्रांच्या व अक्षरांच्या फळ्यांच्या साहाय्याने बोलते करण्याचे मोठे काम तिने केले. मुलाला सांगायचे खूप असते. कमी असते ते साधन.

या संस्थेशी निगडित जीजा घोष यांना फेब्रुवारी २०१२ मध्ये गोव्याला जाणाऱ्या विमानातून कोलकात्यात उतरवण्यात आले. कारण एकच, त्यांचे अपंगत्व. त्या लढल्या. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम विमान कंपनीला केला.

विमानातून उतरवलेले माणूस चारचौघांना दिसते. वेबसाइटवरून परत गेलेले माणूस मात्र कोणालाच दिसत नाही. आज सेवाभावी संस्थांचे मदतीचे अर्ज, शिबिरांच्या तारखा, शिष्यवृत्त्या वेबसाइटवर असतात. अंध माणसाचा संगणक मजकूर वाचून दाखवतो. पण सूचना नुसते चित्र म्हणून डकवली असेल तर तो मुका होतो. हात थरथरणाऱ्याला माऊस धरवत नाही. कळफलकावर काम होत नसेल तर त्याचा अर्ज अडतो. कर्णबधिराला चित्रफितीखाली अक्षरे हवीत. स्वमग्न माणूस हलत्या चित्रांनी व आपोआप वाजणाऱ्या आवाजाने बेजार होतो. वाचनाची अडचण असलेल्याला सोपी, छोटी वाक्ये हवीत. ज्यांच्यासाठी संस्था काढली, त्यांनाच दारात पायरी!

ही दयेची बाब नव्हे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमताही आली. पुढे बँकेच्या ओळख पडताळणीत डोळे मिचकावून दाखवण्याच्या अटीविरुद्ध ॲसिड हल्ल्यातील पीडित न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

'आमच्याकडे पैसा नाही,' असे संस्था सांगतात. पण चित्राखाली दोन ओळी लिहिणे, सोपी भाषा वापरणे याला कितीसा पैसा लागतो? खर्च वाढतो तो आधी बांधून मग फोडण्यात. म्हणून वेबसाइट सुरू करण्यापूर्वीच ती अपंग व्यक्तींच्या हाती द्यावी, आणि त्या सांगतील ते दुरुस्त करावे. या तपासणीचा मोबदलाही त्यांना द्यावा; फुकट राबवून घेणे आपल्याला शोभत नाही.

आपल्या टपाल बंधूंनी अंधांचे ब्रेल साहित्य हशील न घेता वर्षानुवर्षे घरोघर पोहोचवले आहे. आता मजकूर पडद्यावर आला म्हणून ती जबाबदारी संपत नाही. कामगारांच्या घरांतही अपंग मुले आहेत, आणि निवृत्तीनंतर नजर आपलीही मंदावणार आहे.

तेव्हा प्रत्येक शाखेने पुढील सभेत दोन ठराव करावेत. आपण ज्या संस्थांना वर्गणी देतो, त्यांना वेबसाइट सर्वांना वापरता येते का, हे लेखी विचारावे. आणि त्याआधी आपली युनियन, आपली पतपेढी यांच्या वेबसाइट तपासून घ्याव्यात. दुसऱ्याला जाब विचारण्यापूर्वी आपले दार उघडे हवे.